गुळाचा वास

गुळाचा चहा मला चालत नाही. सुनेला वाटतं, म्हातारीचे नखरे. तिच्या माहेरी सगळे गुळाचाच पितात, आणि हल्ली म्हणे डॉक्टरही तेच सांगतात. मी म्हणते, बाई, तुला काय प्यायचं ते पी, फक्त उकळताना खिडकी उघडी ठेव. कारण विचारलं की काहीतरी थाप मारते, पित्त होतं, घसा धरतो, काय वाट्टेल ते. खरं कारण आयुष्यात एकाच माणसाला सांगितलं, आणि ते सांगून जे झालं त्यानंतर दुसऱ्या कोणाला सांगायची हिंमत झाली नाही. आता हात कापतो, अक्षर वेडंवाकडं येतं, पण लिहून टाकते.

आमचं घर भिवंडीजवळ, वडप्याच्या अलीकडे, हायवेपासून दोन शेतं आत होतं. आज तिथं गोदामांचे पत्रे इतके चकाकतात की उन्हात डोळा ठरत नाही. तेव्हा तिथं आमची गवताची वखार होती. डोंगरातून कापलेलं गवत गाडीनं किंवा बायकांच्या डोक्यावरून यायचं, त्याच्या घराएवढ्या उंच गंज्या रचायच्या, आणि मग ते लाकडी प्रेसमध्ये दाबून, तारेनं आवळून, त्याचे गठ्ठे ट्रकनं मुंबईच्या तबेल्यांना जायचे. वखार नावाला दोन भावांची होती. खरं म्हणाल तर ती तात्यांची, म्हणजे माझ्या थोरल्या काकांची होती. माझे बाबा धाकटे, त्यांनी वीस वर्षं त्या प्रेसचा दांडा फिरवला. तात्या खाटेवर बसून बोलायचे आणि बाबा मुकाट्यानं करायचे. बाबांचा आवाज आठवायला मला आजही थोडा वेळ लागतो, प्रेसचा करकर आवाज मात्र लगेच कानात येतो. दुपारी तो थांबला की आय चुलीवरून भाकरी उतरवायची. तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी, थंडीत वालाचं बिरडं. आम्ही सगळे ओटीवर जेवायचो आणि अंगाला, केसाला, भातालासुद्धा गवताचा वास असायचा. तो वास चांगला होता, हे सांगितलं पाहिजे.

मी सोळा-सतरा वर्षांची. शाळा सातवीला सुटली होती आणि घरात रांधायला आय समर्थ होती, म्हणून मी वखारीच्या फाटकावर उभी राहायला लागले. माझं काम एकच. आलेला भारा सुका की ओला ते सांगायचं. भाऱ्याच्या पोटातून चार काड्या ओढायच्या आणि मुरगळायच्या. कट्‌कन मोडली तर सुकी, नुसती वळली तर ओली. मग कोपरापर्यंत हात आत घालायचा, कारण वरून उन्हानं सुकलेला भारा पोटात ओल धरून असतो. ओलं गवत गंजीत गेलं तर ते आत तापतं, सडतं, आणि तापत तापत एक दिवस पेटतं. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. गडीमाणसं दोन दोन वेळा तपासायची, मला एकदा हात घातला की कळायचं. तात्या कोणाचं कौतुक करणाऱ्यातले नव्हते, पण ट्रकवाल्यांसमोर म्हणायचे, "आमच्या हिराच्या हातातून ओली काडी जात न्हाय." मला त्या वाक्याची अशी काही मिजास चढायची की विचारू नका. गावातल्या माझ्या बरोबरीच्या मुली पाण्याचे हंडे वाहत होत्या आणि मी पुरुषांना सांगत होते, हा भारा मागं न्या.

माझा भाऊ बाळाराम, दादा, माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. त्याला गवताचा तिटकारा होता. तो भिवंडीत कापडाच्या लूमवर कामाला लागला होता, एका जुन्या कोकणी मुसलमान शेठच्या कारखान्यात. घरी आला की मोठ्यानं बोलायचा, कारण कानात लूमच चालू असायचा. आय म्हणायची, "अरे हळू, आम्ही बहिरे न्हाय." त्याच्या शेजारचे लूम चालवणारा युसुफ त्याचा जिवलग. दिवाळीला युसुफ आमच्याकडे यायचा, आयच्या करंज्या खायचा आणि म्हणायचा, "चाची, तुम्हारे हाथ की करंजी खाने को मैं अगली दिवाली तक जिंदा रहता हूं." आय लाजून आत पळायची.

त्या वर्षी दिवाळीनंतर दादा आणि तात्यांचं भांडण झालं. दादाला बाबांचा वाटा वेगळा करून हवा होता, दोन जुने लूम घ्यायचे होते. ट्रक भरत होता, दहा-बारा माणसं उभी होती. तात्या खाटेवरून न उठता म्हणाले, "तुझ्या बापाचा वाटा म्हणजे तो प्रेसचा दांडा. खांद्यावर टाक आन घेऊन जा." सगळे हसले. बाबाही तिथंच होते, दांड्याला हात लावून. दादा म्हणाला, "आग लागो तुमच्या या वखारीला! राख झाली तरी बघायला येणार न्हाय मी!" हे असं आमच्याकडे कोणीही म्हणतं. आय दिवसातून चार वेळा चुलीला, मांजरीला, माझ्या केसांना आग लागो म्हणायची. तेव्हा कोणीच त्याचं काही मनावर घेतलं नाही.

त्याच आठवड्यात अवेळी एक सर येऊन गेली. दुसऱ्या दिवशी तात्या ठाण्याला गेले होते आणि फाटकावर मी एकटी होते. सोमी आली. सोमी आमच्या राखणदाराची, गोमाची, लेक. कातकरी. डोंगरातून गवत कापून आणायची. बरोबर नवऱ्याची गाडी भरून गवत होतं आणि झोळीत तापानं फणफणलेली पोर. मी हात घातला. वर कोरडं, आत गार आणि जड. काडी वळली, मोडली नाही. मी म्हटलं, "सोमे, ओलं हाय. पसर आणि दोन दिवसांनी आण." ती म्हणाली, "ताय, पसरू कुठं? पोरीला घेऊन कालपासून वाटंवर हाय. घे ना गं. तू घे म्हणलीस तर कोण इचारणार हाय तुला?" दयेनं घेतलं असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. दया होती थोडी. पण ते शेवटचं वाक्य मला फार गोड लागलं, हेही खरं आहे. मी गड्यांना म्हटलं, घ्या. ते गवत मोठ्या गंजीच्या पोटात गेलं आणि त्यावर दुसरं सुकं चढलं.

पुढे थंडी पडली. भाताची झोडणी सुरू झाली, बाबा सकाळी खळ्यावर जायला लागले. एका सकाळी मी फाटक उघडलं तर मोठ्या गंजीच्या माथ्यावरून वाफ निघत होती. तात्या तोंड धूत होते. त्यांनी वर पाहिलं आणि विचारलं, "हिरा, आत ओल न्हाय ना गं?" मी म्हटलं, "दव हाय, तात्या. ऊन लागलं की जाईल." त्यांनी चूळ भरली आणि आत गेले. माझ्या शब्दावर त्यांनी हात घालूनही पाहिलं नाही. त्यानंतर चार-पाच दिवसांनी तो वास सुरू झाला. गूळ कढईत घालून पाक करायला ठेवावा तसा, गोडसर, जरा करपट. आय म्हणाली, "कोणाकडं गूळ शिजतोय? सणवार न्हाय काय न्हाय." मी भाकरी थापत होते, तशीच थापत राहिले. मला ठाऊक होतं तो वास कसला ते. गंजी उकलायला सांगायची, एवढंच करायचं होतं. पण उकलली की पोटातलं काळं गवत दिसणार, मग ते कोणी घेतलं हे विचारणार, मग मी स्वयंपाकघरात. रोज सकाळी ठरवायची की आज सांगते. रोज तो वास थोडा वाढायचा. गोमा दुपारचा त्याच गंजीच्या सावलीला निजायचा, थंडीत तिथं छान ऊब लागते म्हणायचा. मी त्याला म्हटलं, "गोमादादा, दुसरीकडं नीज ना." तो म्हणाला, "का गं, गंजी काय खाते काय मला?" आणि हसला.

ती दुपारीच पेटली. मी घरी जेवायला आले होते. आधी आवाज आला, मोठं धोतर झटकावं तसा, मग खिडकीतून दिसलं. गवताची आग बघायला मिळू नये कोणाला. ज्वाळा वर जात नाही, ती पळते. बाबा खळ्यावरून धावत गेले, सगळ्यांच्या आधी तेच पोचले, आणि त्यांनी गोमाला पायाला धरून बाहेर ओढला. गोमाचे दोन्ही हात आणि छाती भाजली होती. त्याला खाटेवर घालून ट्रकमधून भिवंडीला नेलं. गावानं विहिरी उपसल्या, पण संध्याकाळपर्यंत तीन गंज्या, प्रेस, छप्पर, सगळं गेलं. सोमी आली आणि राखेच्या कडेला उभी राहिली. तिनं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. बापाला जाळणारं गवत आपणच आणलंय हे ती कोणाला सांगणार होती? मी तिथंच ओकले. बायका म्हणाल्या, पोरगी धुरानं बेजार झाली.

तात्या भकास बसले होते. कोणीतरी म्हणालं, आत ओल राहिली असंल. तात्या ताडकन उठले. "हिरानं हात लावल्याबिगर एक भारा आत गेला न्हाय. ओल राहणार कुठून? ही आग लावलेली हाय." मग त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "बाळाराम कुठं हाय?" दिवाळीनंतरचं ते भांडण तिथल्या प्रत्येकाला आठवलं. मला दिसलं की कसं एकेकाच्या तोंडावर ते उमटत गेलं. माझ्या हाताला चूक नव्हती, म्हणून माझ्या भावाच्या हाताला दोष लागला. हे मी तिथं उभी राहून, शुद्धीत, ऐकलं.

दादाची त्या आठवड्यात रातपाळी होती. म्हणजे दिवसा तो मोकळा असायचा, सकाळी घरी येऊन झोपायचा. त्या दिवशी सकाळी तो आलाच नव्हता. दिवे लागायच्या वेळी आला, थकलेला, डोळे लाल. बाबांनी त्याच्या हातावर पाणी घालायला तांब्या उचलला आणि थांबले. दादाच्या हाताला रॉकेलचा वास येत होता. मलाही आला. लूमचं काळं तेल साबणानं निघत नाही, म्हणून लूमवाले रॉकेलनं हात पुसतात, हे मला पुढे कधीतरी कळलं. आमच्या घरात तेव्हा कोणाला ठाऊक नव्हतं. एरवी तो कारखान्यातच अंघोळ करून यायचा, त्या दिवशी आगीचं ऐकून तसाच आला होता. त्यानं विचारलं, "कशी लागली?" बाबांनी पाणी ओतलं, मग आत जाऊन चुलीतली मूठभर राख आणली आणि त्याच्या हातावर घातली. "चोळ," म्हणाले. "नीट चोळ."

दुसऱ्या दिवशी फौजदार आले. तोवर गोमा जगतो की जातो हे कोणाला ठाऊक नव्हतं, आणि तो गेला तर हे प्रकरण खुनाचं होणार हे फौजदारांनी ओटीवर बसताक्षणी सांगितलं. आय दाराआड उभी होती, तिच्या बांगड्या किणकिणत होत्या. फौजदारांनी दादाला विचारलं, "काल दुपारी कुठं होतास?" दादानं तोंड उघडलं. त्याच्या आधी बाबा बोलले. ज्या माणसाला भावासमोर कधी शब्द फुटला नाही तो म्हणाला, "माझ्यासंगं खळ्यावर होता. सकाळपासून दोघंच होतो आम्ही. झोडणी चालली हाय. धूर दिसला तवा मी पळालो, याला भातापाशी ठेवला." धडधडीत खोटं. दादानं वळून बाबांकडे पाहिलं. ती नजर मी विसरले नाही. मला वाटलं, उपकाराची आहे. फौजदारांनी विचारलं, "खरं का रे?" दादा म्हणाला, "बाबा म्हणतात तसंच."

तेव्हा मी बोलायला हवं होतं. दारात उभी होते, चार पावलांवर. पण मी मनाशी म्हटलं, बाबांनी वाचवलंय त्याला, आता माझं खरं कशाला हवं? असा हिशेब फक्त भेकड माणूस करतो. गोमा जगला. हाताची बोटं एकमेकांना चिकटली, भाकरीचा तुकडा मोडता येत नव्हता, सोमी भरवायची. पण जगला, आणि त्याच्या जगण्यानं आमच्यावरचा फास सुटला. तात्यांनी फौजदारांना सांगून टाकलं की माझा कोणावर संशय नाही. मग घरात येऊन बाबांना म्हणाले, "अब्रूसाठी केलं. तुझा पोरगा पुन्हा या ओटीवर निजलेला दिसता कामा नये." बाबांनी मान हलवली. दादानं कपड्यांची पिशवी भरली आणि भिवंडीला युसुफच्या चाळीत राहायला गेला. जाताना आयच्या पाया पडला, माझ्या डोक्यावर टपली मारली. बाबांच्या पाया पडला नाही. आम्ही म्हटलं, रागात आहे.

त्यानंतरची चौदा वर्षं बाप-लेक एकमेकांशी बोलले ते इतकंच, कधी आलास, जेवलास का. दादा सणाला यायचा, ओटीच्या कडेला बसून जेवायचा आणि दिवस मावळायच्या आत निघायचा. बाबा दर वर्षी नवं भात झालं की एक गोण त्याच्याकडे पाठवायचे. दादा दर दिवाळीला लूमवरचं धोतर पाठवायचा आणि बाबा तेच नेसायचे, दुसरं नाही. माझं लग्न राहनाळला झालं, मुलं झाली. मी दोघांच्या मध्ये निरोप्यासारखी येजा करत होते, गोण त्याला, धोतर यांना. आणि दर फेरीला मनाशी म्हणायची, पुढच्या वेळी सांगेन.

बाबा गेले. दादानं अग्नी दिला. बाराव्याला माणसं जेवून गेल्यावर आम्ही दोघं मागच्या अंगणात बसलो होतो, आय आत पडली होती. दोरीवर बाबांची दोन धोतरं वाळत होती. मी एकदम बोलले. सोमीचं गवत, वळलेली काडी, दव हाय म्हणाले ते, गुळाचा वास, सगळं. मला वाटलं होतं तो मला मारेल, निदान शिव्या देईल. मी म्हटलं, "तुझ्यावर आळ आला आणि मी गप्प बसले. बाबा तुझ्यासाठी खोटं बोलले म्हणून तू सुटलास, आणि मी—"

त्यानं हात वर करून मला थांबवलं. "माझ्यासाठी?" तो म्हणाला.

"मग कोणासाठी? तुझ्या हाताला रॉकेल होतं."

"मी तर युसुफच्या बदल्यात दिवसपाळी करत होतो गं. त्याची आय आजारी होती, तो कल्याणला गेला होता. हजेरी त्याच्या नावावर लागली, पण अख्ख्या कारखान्यानं बघितलं होतं मला. फौजदारांना तेच सांगणार होतो." तो धोतरांकडे बघत होता. "बाबा मधेच बोलले, माझ्यासंगं होता म्हणून. मी तर खळ्यावर गेलोच नव्हतो. म्हणजे बाबा एकटेच होते. आगीपाशी पहिले तेच. वीस वर्षं त्या दांड्याला जुंपलेला माणूस, आणि सगळ्यांसमोर त्याला हसले होते. मला वाटलं, बाबांनीच लावली. आणि आता पोराच्या आड लपतायत."

तो पुढे म्हणाला, "मी खरं बोललो असतो तर बाबा खोटे पडले असते आणि अडकले असते. म्हणून हो म्हणलो. गोमाचे हात बघितले ना, तवापासून मी बाबांच्या डोळ्यात बघितलं न्हाय. चौदा वर्षं. त्यांनी पाठवलेला भात शिजवायचो आणि घशाखाली जायचा न्हाय. वाटायचं, हा माणूस राखणदाराला जाळून माझ्या ताटात भात घालतो." मग त्यानं लहान मुलासारखं विचारलं, "म्हणजे बाबांनी काहीच केलं नव्हतं?"

मी म्हटलं, "न्हाय."

"आन त्यांना वाटत होतं की मी."

"हो."

"एकदा तरी इचारायचं त्यांनी मला. मी तरी कुठं इचारलं." तो उठला, दोरीवरचं एक धोतर ओढलं आणि त्यात तोंड घालून रडला. असं रडणं मी स्मशानातही ऐकलं नव्हतं. आतून आयनं हाक मारली, "कोण रडतंय गं?" मी म्हटलं, "कोणी न्हाय, आय." तेसुद्धा खोटंच.

आज त्या जागेवरच्या गोदामात माझी नात नोकरीला आहे. फाटकावर उभी राहून आलेला माल मशीननं तपासते. मशीन चुकत नाही आजी, म्हणते. मी म्हणते, बरं. गोमा आणि सोमी केव्हाच गेले, तात्या गेले, आय गेली. ज्यांची माफी मागायची त्यातलं आता एकच माणूस उरलंय.

दादा अजून येतो. पंच्याहत्तरी उलटली, तरी दर दिवाळीला भिवंडीहून रिक्षानं येतो, नातवंडांना मिठाई आणतो, कानाला यंत्र लावून मोठ्यानं गप्पा मारतो. त्यानं मला आजवर एका शब्दानं बोल लावलेला नाही. मी त्याच्या आवडीचं वालाचं बिरडं करते, स्वतः वाढते, दादा अजून घे म्हणते. तो घेतो, चांगलं झालंय म्हणतो. ताटाकडे बघत जेवतो, आणि जेवण होईपर्यंत मान वर करत नाही.